हरवलेला बूट आणि पुढे सरकणारं धुकं

रक्ततपासणीचा रिपोर्ट संध्याकाळी मिळणार असेल तर तो दिवस जाता जात नाही. दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री घरात कुणाला धड जेवण जात नाही. मुलीला यायला उशीर झालाय आणि तिचा फोन लागत नाहीये, ती पंधरा मिनिटं तर जीव खातात. पुढे काय होणार हे माहीत नसणं माणसाला सोसत नाही. आणि तोच माणूस वाचनालयातून मुद्दाम असं पुस्तक घरी आणतो, ज्यात शेवटची पानं येईपर्यंत त्याला काहीही कळू दिलं जाणार नसतं. रात्रीचा एक वाजून जातो, सकाळी कामावर जायचं असतं, तरी ‘एवढं प्रकरण संपवतो’ म्हणत तो पुढचं प्रकरणही सुरू करतो.

अनिश्चितता दोन्हीकडे तीच. मग एकीकडे तिचा छळ होतो आणि दुसरीकडे तिची गोडी लागते, हे कसं?

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं घराघरांत पोहोचवली. गुरुनाथ नाईकांच्या आणि सुहास शिरवळकरांच्या पुस्तकांसाठी वाचनालयांत नंबर लागत. समीक्षकांनी या लेखनाची फारशी दखल घेतली नाही. मला तो अन्याय वाटतो, कारण वाचकाला जागेवरून हलू न देणं ही अवघड कारागिरी आहे. ती चालते कशी, हे आता मानसशास्त्राच्या प्रयोगांमुळे बरंच उलगडलं आहे.

समजावून सांगायला एकच कादंबरी घेऊ : आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’. लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात ती ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात क्रमशः आली. त्याआधी १८९३च्या एका कथेत डॉयल यांनी शेरलॉक होम्सला मारून टाकलं होतं, त्यामुळे वाचक आसुसलेलेच होते. आपल्याकडे ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही, त्यांच्यातल्या अनेकांनी तिच्यावर बेतलेला ‘बीस साल बाद’ हा १९६२चा हिंदी चित्रपट पाहिलेला असतो. पुढे कादंबरीतलं रहस्य उघड करावंच लागणार आहे. ज्यांना ती कोऱ्या मनाने वाचायची असेल, त्यांनी आधी ती वाचावी आणि मग हा लेख.

अर्धवट माहितीची टोचणी

कादंबरीच्या सुरुवातीला डॉ. मॉर्टिमर होम्सकडे येतात. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या ओसाड माळावरच्या बास्करव्हिल वाड्याचे मालक सर चार्ल्स मरण पावले आहेत. अंगावर जखम नाही, हृदय बंद पडलेलं, चेहरा मात्र भीतीने वेडावाकडा. घराण्याला एका नरकातल्या कुत्र्याचा शाप असल्याची जुनी दंतकथा आहे. इथपर्यंत गोष्ट कुतूहलाची आहे, पण पुस्तक खाली ठेवता येईल अशी. मग मॉर्टिमर सांगतात की प्रेतापासून थोड्या अंतरावर त्यांना पावलांचे ठसे दिसले होते. माणसाचे नव्हे, एका प्रचंड कुत्र्याचे. दुसरं प्रकरण तिथेच संपतं.

इथे नेमकं काय घडलं? अमेरिकेतले अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली कुतूहलाची एक उपपत्ती मांडली. आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत करून घ्यायचं आहे, यांमधली फट जेव्हा लक्षात येते तेव्हा कुतूहल जागं होतं. ज्या विषयाचं काहीच ठाऊक नाही, त्याबद्दल कुतूहलही वाटत नाही. म्हणून चांगला रहस्यलेखक वाचकाला अंधारात ठेवत नाही. तो आधी भरपूर सांगतो. दंतकथा, वाडा, रात्रीची वेळ, प्रेत, ठसे, सगळं देतो आणि एकच तुकडा काढून ठेवतो. त्या एका तुकड्याची जागा रिकामी दिसते आणि ती टोचत राहते.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मिन जाँग कांग, कॉलिन कॅमरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर केलेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दाखवले, कुतूहल किती वाटतं हे विचारलं आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. बक्षिसाच्या अपेक्षेने मेंदूचे जे भाग चेततात, त्यांतले काही भाग अधिक कुतूहल वाटणाऱ्या प्रश्नांच्या वेळीही अधिक चेतलेले दिसले, आणि तेही उत्तर कळण्याच्या आधी. म्हणजे वाट पाहणंच मेंदूला काही प्रमाणात सुखाचं वाटत होतं. अजिबात अंदाज नसलेल्या किंवा पक्कं उत्तर ठाऊक असलेल्या प्रश्नांपेक्षा थोडासा अंदाज असलेल्या प्रश्नांचं कुतूहल जास्त होतं, हेही त्यात आढळलं. रहस्यकादंबरी वाचकाला बहुतेक वेळ याच मधल्या जागी ठेवते. संशय घ्यायला नोकर बॅरिमोर असतो. तो रात्री मेणबत्ती घेऊन खिडकीशी उभा राहतो. तुरुंगातून पळालेला खुनी सेल्डन माळावर लपलेला असतो. चंद्रप्रकाशात एका सुळक्यावर एक अनोळखी आकृती दिसते. दर वेळी वाटतं, आलं लक्षात. आणि दर वेळी ती वाट बंद होते.

एकच घटनाक्रम, तीन मांडण्या

रहस्यकथेतला आनंद म्हणून आपण जे एकत्र बोलतो, त्यात निदान तीन वेगळ्या भावना असतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम ब्रुअर आणि एडवर्ड लिक्टेनस्टाइन यांनी १९८२ साली हे नीट सुटं करून दाखवलं. घटना ज्या क्रमाने घडल्या तो क्रम एक, आणि लेखक त्या ज्या क्रमाने सांगतो तो दुसरा. या दोन क्रमांमधल्या फरकातून कुठली भावना उमटेल हे ठरतं.

चौकट : तिन्हींतला फरक
कुतूहल : महत्त्वाची घटना घडून गेलेली असते. ती सांगितलेली नाही, पण काहीतरी राखून ठेवलंय हे वाचकाला कळतं. (सर चार्ल्स कशाने मेले?)
धक्का : महत्त्वाची गोष्ट राखून ठेवलेली असते आणि राखून ठेवली आहे याचाही पत्ता नसतो. (शेजारी स्टेपल्टनची बहीण म्हणून वावरणारी स्त्री त्याची बायको निघते.)
उत्कंठा : धोका आधीच दाखवलेला असतो, परिणाम लांबवलेला असतो. (वाड्याचा वारस सर हेन्री त्या माळावरून जिवंत परतेल का?)

कुतूहल मागे पाहतं, उत्कंठा पुढे पाहते. निव्वळ ‘खून कुणी केला’ एवढंच विचारणारी कादंबरी बुद्धीला खाद्य देते, पण छाती धडधडवत नाही. ती कोड्यासारखी शांतपणे वाचता येते. निव्वळ पाठलागाची कादंबरी धडधडवते आणि चार दिवसांत विसरली जाते. डॉयल यांनी या कादंबरीत एकीतून दुसरीत जो सांधा बदलला आहे, तो मला त्यांच्या सगळ्या लेखनात वरचा वाटतो.

उत्तर हाती आल्यावर सुरू होणारी धडधड

कादंबरीची प्रकरणं पंधरा. पहिल्याच काही प्रकरणांनंतर होम्स लंडनला थांबतो आणि आपला मित्र डॉ. वॉटसनला सर हेन्रीसोबत डार्टमूरला पाठवतो. सर हेन्री म्हणजे चार्ल्स यांचा पुतण्या, नवा वारस. सगळी उत्तरं ज्याच्याकडे मिळू शकतात तो माणूसच लेखकाने बाजूला केला. वॉटसन पत्रं पाठवतो, डायरी लिहितो, जे दिसेल ते नोंदवतो, आणि आपणही त्याच्याइतकेच चाचपडतो. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी तो माळावरच्या दगडी झोपडीत पिस्तूल घेऊन दबा धरून बसतो. बाहेर पावलं वाजतात. तो अनोळखी माणूस होम्सच निघतो. आणि बाराव्या प्रकरणात होम्स गुन्हेगाराचं नाव सांगून टाकतो : फुलपाखरांच्या मागे जाळं घेऊन धावणारा शेजारी, स्टेपल्टन.

इथे कादंबरी संपायला हवी होती. कोण, ते कळलं. पण अजून तीन प्रकरणं बाकी आहेत आणि सगळ्यात जास्त खिळवून ठेवतं ते चौदावं. कारण गुन्हेगार माहीत आहे, पुरावा नाही. पुरावा मिळवायचा तर सर हेन्रीला आमिष म्हणून वापरायचं. त्याने रात्री स्टेपल्टनकडे जेवायला जायचं आणि माळावरून एकट्याने चालत परत यायचं. होम्स, वॉटसन आणि पोलीस अधिकारी लेस्ट्रेड वाटेजवळ लपून बसतात. सगळा बेत नीट आखलेला. आणि मग ग्रिम्पेनच्या दलदलीवरून धुक्याचा पांढरा थर हळूहळू घराकडे सरकू लागतो. धुकं वाटेवर आलं की हाताच्या अंतरावरचंही दिसणार नाही. सर हेन्री अजून घरातच आहे. धुकं कुंपणाशी आलं. तो अजून बाहेर पडत नाही. धुक्याने घराला वेढलं. लपलेली माणसं मागे सरकतात, आणखी मागे सरकतात.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना १९६२ साली दिलेल्या दीर्घ मुलाखतीत हीच गोष्ट एका उदाहरणाने सांगितली होती. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो : प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, आणि त्या दोघांना मात्र काही ठाऊक नाही : पंधरा मिनिटांची उत्कंठा. माहिती लपवून जे मिळालं नसतं ते माहिती देऊन मिळालं. डॉयल यांचं धुकं हे त्या घड्याळाचं काम करतं.

अर्थशास्त्रज्ञ जेफ्री इली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमीर कामेनिका यांनी २०१५ साली उत्कंठेची चक्क गणिती व्याख्या दिली. पुढच्याच क्षणी आपला अंदाज किती बदलू शकतो, त्यावर त्या क्षणाची उत्कंठा अवलंबून असते. प्रत्यक्षात तो बदललाच पाहिजे असं नाही, बदलू शकतो एवढं पुरे. धुक्याच्या प्रत्येक पावलागणिक सर हेन्री वाचण्याची शक्यता हलते. म्हणून पानभर काहीही घडत नसताना आपण श्वास रोखून असतो.

हाक ऐकू का येत नाही?

अशा वेळी घरातून कुणी हाक मारली तर ती खरोखरच ऐकू येत नाही. ‘मुद्दाम ओ देत नाही’ हा आरोप बहुतेक वेळा चुकीचा असावा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात मॅथ्यू बेझडेक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली लोकांना थरारक चित्रपटांतले प्रसंग दाखवले. पडद्याच्या कडांना बुद्धिबळाच्या पटासारखी चौकड्यांची लुकलुकणारी नक्षी ठेवली होती. प्रसंगातला धोका वाढला की कडेच्या नक्षीची मेंदूत होणारी नोंद क्षीण व्हायची आणि मधल्या दृश्याची वाढायची. हा प्रयोग चित्रपटांवरचा आहे, पुस्तकावरचा नाही. पण लक्षाचा झोत अरुंद होत जातो हे त्यातून दिसलं, आणि वाचताना भोवतालची खोली नाहीशी होते हा अनुभव त्याच्याशी जुळतो.

शरीरही त्यात सामील असतं. नाडी वाढते, तळहात ओलसर होतात. मग होम्स गोळ्या झाडतो, कुत्रा कोसळतो, सर हेन्री वाचतो, आणि जी सुटका वाटते ती विलक्षण मोठी असते. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी याचं कारण सांगितलं. मनाला धोका टळल्याचं क्षणात कळतं, पण शरीराची उत्तेजना उतरायला वेळ लागतो. गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच असतो आणि त्यावर टाकलेली पोळी भाजली जाते, तसं हे. भीतीने तापलेल्या शरीरावर सुटकेचा आनंद येऊन पडतो आणि त्या उरलेल्या उष्णतेवर तो एरवीपेक्षा जास्त फुलतो. आधीची भीती जितकी खरी, तितकी नंतरची सुटका मोठी. धुकं चार वाक्यांत आटोपलं असतं, तर कुत्रा मेल्याचं आपल्याला फारसं काही वाटलं नसतं.

बुटाची गोष्ट

आता मूळ प्रश्नाकडे. रिपोर्टची वाट पाहताना तापलेला तवा सुख देत नाही. कादंबरीत का देतो? धोका आपल्याला नसून दुसऱ्याला आहे, हे एक कारण झालंच. पण माझ्या मते त्याहून मोठं कारण वेगळं आहे : कादंबरीत उत्तर आहे, याची आपल्याला खात्री असते. ते लेखकाला ठाऊक आहे, तो ते योग्य वेळी देणार आहे आणि देताना फसवणार नाही. या विश्वासावर आपण त्याच्या हाती स्वतःला सोपवतो. आयुष्यातल्या अनिश्चिततेला असा जामीन नसतो.

हा विश्वास कमावायचा कसा, याचा उत्तम नमुना म्हणजे सर हेन्रीचे बूट. लंडनच्या हॉटेलात उतरल्यावर त्याचा एक नवाकोरा तपकिरी बूट हरवतो. एकदाही न घातलेला, पॉलिशसाठी दाराबाहेर ठेवलेला. मग त्याचा एक जुना काळा बूटही जातो, आणि तेवढ्यात नवा मात्र खोलीतल्या कपाटाखाली सापडतो. सर हेन्री संतापून वेटरला धारेवर धरतो. प्रसंग रंगतदार आहे आणि आपण त्याच्या रागाकडे बघत पुढे जातो. खरं उत्तर तिथेच पडलेलं असतं. नव्या बुटाला घालणाऱ्याचा वास नसतो. कुणाला तरी सर हेन्रीचा वास हवा आहे, म्हणजे कुत्रा खराखुरा आहे, हाडामांसाचा. दंतकथेतल्या भुताला बुटाची गरज पडत नाही.

समोर असलेली गोष्ट आपल्याला का दिसत नाही, याचाही अभ्यास झाला आहे. ग्लासगो विद्यापीठातल्या अँथनी सॅनफर्ड, कॅथरिन एमट आणि सहकाऱ्यांनी वाचकांना एकच मजकूर दोनदा दाखवला, दुसऱ्या वेळी एखादा शब्द बदलून. बदललेला शब्द वाक्याच्या दुय्यम भागात, जाता जाता आलेल्या पोटवाक्यात असला, तर तो बदल निसटण्याचं प्रमाण जास्त होतं. आपण सगळे शब्द सारख्या खोलीने वाचत नाही. लेखक जिथे बोट दाखवतो तिथे आपलं लक्ष जातं. रहस्यलेखक याचाच वापर करतो. धागा तो उघड्यावर ठेवतो आणि बोट शेजारी दाखवतो.

पुढे या प्रामाणिकपणाचे नियमच झाले. इंग्रज धर्मगुरू आणि रहस्यलेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली दहा नियम लिहिले : गुन्हेगार कथेत लवकर आलेला असावा, भुताखेतांचा आधार घेऊ नये, हेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, वगैरे. १९३० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लबात अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स होत्या, चेस्टरटन अध्यक्ष होते, आणि सदस्यांना प्रामाणिक डाव खेळण्याची शपथ घ्यावी लागे.

या कसोटीवर डॉयल पूर्ण उतरत नाहीत. शेवटच्या प्रकरणात होम्स सांगतो की सर हेन्रीला लंडनमध्ये आलेल्या एका निनावी पत्राला जाईच्या अत्तराचा मंद वास होता, आणि त्यावरूनच त्याला एका स्त्रीचा संशय आला होता. पण चौथ्या प्रकरणात तो ते पत्र डोळ्यांजवळ धरतो तेव्हा वासाचा उल्लेखच नाही. बुटाचं रहस्य उलगडल्यावर ‘अरे, हे तर माझ्या समोर होतं’ असं वाटून जो आनंद होतो, तो अत्तराच्या वेळी होत नाही. तिथे नुसतं होम्सचं कौतुक ऐकावं लागतं. दोन्ही एकाच पुस्तकात असल्यामुळे फरक फार स्पष्ट कळतो.

बुटाच्या बाबतीत अनेकांना ‘मला आधीच वाटलं होतं’ असंही वाटतं. बरूख फिशहॉफ यांनी १९७५ साली दाखवलं की निकाल कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच दिसत होता असं मनापासून वाटू लागतं. उत्तर आधीच्या आठवणीही रंगवून टाकतं. चांगल्या लेखकासाठी ही मोलाची गोष्ट आहे. शेवट अनपेक्षितही वाटायला हवा आणि तोच होणार होता असंही, आणि मनाची ही सवय त्यातलं अर्धं काम परस्पर करून देते.

शेवट आधीच कळला तर?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ साली वाचकांना लघुकथा दिल्या, त्यांत रहस्यकथाही होत्या. काहींना शेवट आधीच सांगून टाकला. अशा वाचकांना कथा सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलट निष्कर्षही निघाले, त्यामुळे शेवट खुशाल सांगत सुटावं असं मी म्हणणार नाही. पहिल्या वाचनातला धक्का एकदाच मिळतो आणि तो दुसऱ्याचा हिरावून घेण्याचा हक्क आपल्याला नाही.

पण उत्कंठा त्या धक्क्यापेक्षा चिवट असते. रिचर्ड गेरिग यांच्या १९८९च्या प्रयोगांत जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे पक्कं ठाऊक असलेल्या अमेरिकन वाचकांनाही, त्या पदाबद्दल शंका निर्माण करणारा मजकूर वाचल्यावर ते सत्य ओळखायला क्षणभर जास्त वेळ लागला. गोष्टीत शिरलेलं मन आपल्याच माहितीचा आधार लगेच घेत नाही. म्हणून सर हेन्री वाचणार हे ठाऊक असूनही धुकं दुसऱ्या वाचनात तेवढंच अस्वस्थ करतं.

शिवाय दुसऱ्या वाचनात एक नवी गोष्ट मिळते. सातव्या प्रकरणात स्टेपल्टन वॉटसनला पहिल्यांदा भेटतो, तेव्हा तो ग्रिम्पेनची दलदल दाखवतो. तिच्यात एक तट्टू त्यांच्या डोळ्यांदेखत बुडतं. पण आपण मात्र या दलदलीतून वाट काढत मधल्या बेटांपर्यंत जाऊ शकतो, असं तो स्वतःच सांगतो, आणि तिथली दुर्मीळ झाडं व फुलपाखरं हे त्याचं कारण देतो. पहिल्या वेळी हे एका छांदिष्ट माणसाचं बोलणं वाटतं. त्यातल्याच एका बेटावर, जुन्या खाणीच्या पडक्या इमारतीत, त्याने तो कुत्रा बांधून ठेवलेला असतो.